सुट्टीत मुलांना मराठीत काय वाचायला द्यायचं?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडमधले इंग्रजी शाळांतल्या मुलांचे पालक हे नेहमी विचारतात. माझी सुरुवात ठरलेली : माधुरी पुरंदरे. 'राधाचं घर' या संचात आई, बाबा, आजी, आजोबा एकेका पुस्तकात भेटतात. मजकूर थोडा, चित्रं लेखिकेचीच आणि बोलकी. पानं उलटू लागलेल्या मुलाला मांडीवर घेऊन वाचून दाखवा. मराठी अडखळत वाचणाऱ्यांनाही हीच द्या.

आठ-नऊ वर्षांपुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बन्या आजही मुलांना पळवतो.

किशोरांसाठी मात्र माझा जीव प्रकाश नारायण संतांच्या लंपनवर आहे. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' याच क्रमाने वाचा. आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या या मुलाची भाषा कानडी वळणाची, म्हणून पहिली काही पानं मोठ्यांनी मोठ्याने वाचावीत. पुढे मूल पुस्तक सोडत नाही. नववी-दहावीला मिलिंद बोकीलांची 'शाळा' : आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग.

विकत घेण्याआधी चाळायची असतील, तर मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचं किंवा पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय गाठा. मुलांना सोबत न्या, पुस्तक त्यांनाच निवडू द्या.