गाडीतला जीपीएस : वेगळं यंत्र घ्यावं, की मोबाइलच पुरे?

दिवाळी ते मार्च हा आपला प्रदर्शनांचा हंगाम. पापड, मसाले, लोणची, गोधड्या भरून गाड्या निघतात. कुणी तालुक्याला, कुणी पुण्याला, कुणी मुंबईच्या महालक्ष्मी सरसला. गाडी भाड्याची असते आणि ड्रायव्हरदादा बहुतेक वेळा जवळच्याच गावचे, त्यांनी मुंबई दोनदा पाहिलेली. म्हणून दोन-तीन ग्रामसंघांतून विचारणा आली, की गाडीच्या काचेला लावायचं रस्ता दाखवणारं यंत्र, ज्याला आपण सरसकट जीपीएस म्हणतो, ते गटाच्या पैशातून घ्यावं का?

माझं उत्तर आधीच सांगते. बहुतेक गटांनी घेऊ नये. तेच काम तुमच्या हातातला मोबाइल करतो. मात्र तो आदल्या दिवशी तयार करून न्यावा लागतो, आणि गाडीत तो आपल्यापैकी कुणाच्या तरी हातात असावा लागतो. आजचं बोलणं याच दोन गोष्टींवर.

आधी एक गैरसमज काढू. पुष्कळ जणी म्हणतात, "घाटात रेंज जाते, मग जीपीएस बंद पडतो." तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह अमेरिकेचे आहेत. ते जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो : मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. हा निरोप आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. कोणत्या उपग्रहाचा निरोप किती उशिरा आला, यावरून मोबाइल प्रत्येकाचं अंतर काढतो. असे चार उपग्रह सापडले की आपण कुठे आहोत ते ठरतं. म्हणजे मोबाइल फक्त ऐकतो, कुणाला काही पाठवत नाही. त्याला ना नेट लागतं, ना रिचार्ज, डोक्यावर उघडं आभाळ असलं की झालं. आपल्या इस्रोचेही नाविक नावाचे असेच उपग्रह आहेत, त्यातला पहिला १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. काही नवे मोबाइल त्यांचंही ऐकतात.

मग घाटात बंद काय पडतं? नकाशा. मोबाइलला कळतं की आपण या ठिपक्यावर आहोत, पण ठिपक्याखालचं चित्र नेटवरून येत असतं. रेंज गेली की पडदा करडा होतो आणि निळा ठिपका एकटाच उरतो. वेगळ्या यंत्रात नकाशा आतच भरलेला असतो, म्हणून ते घाटातही चालतं. त्याची मोठी जमेची बाजू ती हीच. आणि ही सोय मोबाइलमध्येही फुकट करून घेता येते.

कशी, ते सांगते. गूगल मॅप्स उघडा. वरच्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाचं अक्षर दिसतं, त्यावर बोट ठेवा. खाली "ऑफलाइन नकाशे" असं येईल. त्यात स्वतःचा नकाशा निवडायला सांगितलं की पडद्यावर चौकोन येतो. आपलं गाव आणि जायचं ठिकाण दोन्ही त्या चौकोनात बसवा, एका चौकोनात मावत नसेल तर दोन करा. किती जागा लागेल ते तिथेच लिहिलेलं असतं. जागा नसेल तर व्हॉट्सअॅपवरचे सुप्रभातचे फोटो आधी काढून टाका, खूप जागा निघते. हे काम घरी, चांगली रेंज असताना करायचं. गाडी सुरू झाल्यावर कुणाला सुचत नाही. नेट नसताना या नकाशावर गाडीचा रस्ता दिसतो, वळणं सांगितली जातात, पण पुढे ट्रॅफिक तुंबलंय का ते कळत नाही. तेवढी उणीव धरून चाला.

सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची भाषा मराठी करा. आणि वाहनाचं चित्र तपासा. हे मी मुद्दाम सांगते, कारण मोबाइल बहुधा घरातल्या पोराचा असतो आणि त्याने तो दुचाकीवर ठेवलेला असतो. मग तुमच्या छोट्या हत्तीला तो बिनधास्त पांदीतून नेतो! चारचाकीचं चित्र निवडलं म्हणजेही सगळं झालं असं नाही. गाडीची उंची आणि वजन नकाशा विचारत नाही. रेल्वेखालच्या बोगद्यातून कार जाईल, मालाने शीग भरलेला टेम्पो अडकेल. तिथे डोळेच कामाचे.

आता ज्यांना तरीही वेगळं यंत्र हवंय त्यांच्यासाठी. ज्या गटाची स्वतःची गाडी आहे, आठवड्याला तीन-चार फेऱ्या होतात, एकच मोबाइल आहे आणि त्यावरच ऑर्डरीचे फोन येतात, त्यांना ते घेणं समजण्यासारखं आहे. पाच ते सात इंचांचा पडदा असतो, काचेला चिकटतं, सिगारेट पेटवायच्या खोबणीतून वीज घेतं. घेताना दुकानातच चालू करायला लावा. त्यात भारताचा नकाशा आहे का ते पाहा, कारण परदेशातून कुणीतरी आणलेल्या यंत्रात आपला देशच नसतो. तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या लहान वाडीचं नाव टाकून बघा. मराठीत बोलतं का ते ऐका. आणि सर्वांत महत्त्वाचं विचारा : नकाशा नवा कसा करायचा, आणि त्याचे पैसे पडतात का? जुनी यंत्रं स्वस्तात मिळतात ती याच कारणाने. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्ये उघडला आणि संपूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता जून २०२५ मध्ये. त्याआधीचा नकाशा असलेल्या यंत्रात तुमची गाडी समृद्धीवरून निघाली की पडद्यावर ती शेतातून चाललेली दिसेल आणि ते बिचारं सारखं "मागे वळा" म्हणत राहील.

आणखी एक घोळ मी पुष्कळदा ऐकते. गाडीमालक म्हणतो, "आमच्या गाडीत जीपीएस आहे, तुम्ही कशाला काळजी करता?" तो वेगळा जीपीएस. २०१९ पासूनच्या नव्या भाड्याच्या प्रवासी गाड्यांत, रिक्षा सोडून, गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र आणि संकटाचं बटण असावं असा नियम आहे. त्यामुळे गाडी कुठे आहे ते बाहेरच्यांना कळतं, आत बसलेल्यांना रस्ता दिसत नाही. तरी बसताना ते लाल बटण कुठे आहे ते बघून घ्या.

यंत्र कोणतंही असो, चूक सर्वांत जास्त होते ती ठिकाण टाकताना. महाराष्ट्रात शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे आणि लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. मालेगाव नाशिकमध्ये आहे आणि वाशिममध्येही. वडगाव आणि पिंपळगाव तर मोजूच नका. नाव टाकलं की पहिलं आलेलं दाबायचं नाही. तालुका-जिल्हा वाचायचा आणि किती किलोमीटर दाखवतंय ते मनाशी पडताळायचं. दोन तासांच्या गावाला सात तास दाखवत असेल तर गाव दुसरंच आहे.

मोठ्या ठिकाणी नुसतं नावही पुरत नाही. महालक्ष्मी सरस वांद्र्याच्या बीकेसीमध्ये एमएमआरडीए मैदानावर भरलेलं आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलंय. मैदान केवढं, बाजूने रस्ते किती! नकाशा तुम्हाला मैदानाला नेऊन सोडतो, पण मालाची गाडी कोणत्या गेटने घ्यायची ते आयोजक ठरवतात. तेव्हा आदल्या दिवशीच आयोजकांना सांगा, "साहेब, माल उतरवायच्या गेटचं लोकेशन पाठवा." त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लोकेशनवर बोट ठेवलं की नकाशा थेट तिथला रस्ता काढतो. गेट चुकलं तर मुंबईत वळून यायला अर्धा तास जातो, आणि पोती डोक्यावरून वाहायची वेळ आपल्यावर येते.

आता थोडं सावध करणारं. उघड्या आभाळाखाली मोबाइलचा अंदाज साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच इमारती, दरी, झाडी असली की आणखी चुकतो, बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाहीत. हायवे आणि त्याच्या कडेचा सर्व्हिस रस्ता यांच्यात अंतर असतं तेवढंच. म्हणून उड्डाणपुलाजवळ ते गोंधळतं. आपण खाली असतो आणि ते समजतं वर आहोत. अशा वेळी पाटी खरी मानायची.

आणि रस्ता आहे एवढंच नकाशाला ठाऊक असतं. आज तो जाण्यासारखा आहे का, हे त्याला कुणीतरी कळवावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ एक गाडी रात्री मोबाइलच्या नकाशावरून चालली होती. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली पूल गेलेला होता. नकाशात तो पूल होता. गाडी पाण्यात गेली आणि चालकाचा जीव गेला. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर तो म्हणाला असता, इकडून जाऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगा नदीच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले, तिथेही नकाशाच रस्ता दाखवत होता. आपल्याकडे भोरवरून महाडला जाणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात, कधी जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. अंतर कमी म्हणून नकाशा तो सुचवू शकतो. फरशी पूल, ओढा, घाट असा रस्ता असेल आणि अंधार किंवा पाऊस असेल, तर फाट्यावरच्या टपरीवर विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. पुढे पाणी दिसलं तर गाडी थांबवायची, मग ते यंत्र काहीही म्हणो. दहा किलोमीटरचा वळसा पडला तर डिझेलचे पैसे जातील, तेवढंच.

मोबाइल कुणाकडे असावा? माझं स्पष्ट मत, ड्रायव्हरशेजारी एक ताई बसावी आणि रस्ता सांगण्याचं काम तिचं. १ ऑक्टोबर २०२०पासूनच्या नियमानुसार चालकाला मोबाइल फक्त रस्ता पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. पण एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने नकाशा मोठा करणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिलेत, मीही पाहिलेत. मोबाइल ताईकडे असला की तिने वळण थोडं आधी सांगायचं : "दादा, पुढच्या पुलाआधी डावीकडे." ऐन वळणावर ओरडायचं नाही. ड्रायव्हरदादा म्हणाले की या रस्त्याने खड्डे आहेत, दुसरीकडून नेतो, तर त्यांचं ऐकावं, त्यांना रस्ता आपल्यापेक्षा जास्त कळतो. फक्त कुठून नेणार ते विचारून घ्यावं आणि ते नकाशावर बघावं.

याचा दुहेरी फायदा आहे. एक म्हणजे हिशेब. गाडी किलोमीटरवर ठरवली असेल तर निघण्याआधीच नकाशावरचं अंतर वहीत लिहा आणि गाडीच्या मीटरचा फोटो काढा. परत आल्यावर फरक दिसला तर शांतपणे विचारता येतं. दुसरं, रात्रीचा परतीचा प्रवास. गाडी हायवे सोडून आत वळली की मागे बसलेल्या दहा जणींच्या पोटात गोळा येतो, कुणी बोलत नाही. हातात नकाशा असला की कळतं, हा टोल चुकवायचा रस्ता आहे की भलताच. विचारायला शब्द सुचतात.

घरच्यांसाठी व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवता येतं. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास अशी वेळ निवडायची असते. त्याला नेट लागतं, म्हणून घाटात थोडा वेळ ठिपका हलला नाही तर घाबरू नका, असं घरी सांगून ठेवा. प्रवास संपला की ते बंद करा. बाई बाजारात किती वेळ होती हे मोजायला ते सुरू ठेवा म्हणणारेही भेटतात, त्यांचं ऐकायची गरज नाही.

सामानाचं पटकन सांगते. काचेला किंवा एसीच्या जाळीला लावायचा स्टँड आणि गाडीतला चार्जर एवढं गटाने घ्यावं, यंत्राच्या मानाने खर्च अगदी किरकोळ. जुन्या गाडीत ती चार्जिंगची खोबण बंद असते, म्हणून निघण्याआधी लावून बघा किंवा पॉवर बँक भरून ठेवा. उन्हाळ्यात काचेमागे मोबाइल तापून बंद पडतो, तेव्हा तो खाली सावलीत धरा. दुसऱ्या एका ताईच्या मोबाइलमध्येही तोच नकाशा उतरवून ठेवा. मुख्य गावांची नावं क्रमाने कागदावर लिहून गाडीत ठेवा, तो कागद तापत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने मोबाइल पूर्ण चार्ज करून आणा. आपण आपल्याच तालुक्याचा नकाशा उतरवू, मग विमान मोड लावून नेट बंद करू आणि बसस्टँडचा रस्ता विचारून बघू. जिच्या मोबाइलमध्ये जागा नाही तिने ते सुप्रभातचे फोटो घरूनच काढून यावं.