द्राक्षाची तपासणी होते, मजुराची कधी?

नाशिकच्या गंगापूर रोडने शहराबाहेर पडले की द्राक्षबागा सुरू होतात. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ती लावणारे हात बागाईतदाराचे क्वचितच असतात. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या आदिवासींचे आणि गावकुसाबाहेरच्या भूमिहीनांचे ते हात होत. युरोपीय संघाने २००८ साली हे रसायन नामंजूर केले आणि हाताळणाऱ्या माणसाला होणारा धोका हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

द्राक्षाची काळजी मात्र चोख घेतली जाते. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपने भारतीय द्राक्षे अडवली आणि सारी व्यवस्था खडबडून जागी झाली. आज निर्यातीचा माल प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय बंदराबाहेर जात नाही. पण ज्याच्या पाठीवर फवारणीचा पंप आहे त्याचा अहवाल कोण मागतो?

रसायनाने कर्करोगाचा धोका आहे का, हे तपासायला माणूस मरेपर्यंत थांबावे लागत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी साधी चाचणी शोधली. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करू न शकणारे साल्मोनेला जिवाणू घ्यायचे आणि त्यांना रसायनाच्या संपर्कात आणायचे. जनुकात बदल झाला तर काही जिवाणू ते आम्ल पुन्हा बनवू लागतात आणि दोन दिवसांत थाळीत त्यांच्या वसाहती दिसतात. सोबत उंदराच्या यकृताचा अर्क घालतात, कारण पुष्कळ रसायने यकृतातून गेल्यावरच घातक बनतात. दुसरी चाचणी माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशींवर होते. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुटलेला तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर राहिला तर तो सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या ठिपक्यासारखा दिसतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात.

या चाचण्यांना मर्यादा आहेत. जनुकाला इजा झाली म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे आणि काही रसायने जनुकाला न दुखावताही कर्करोग घडवतात. शिवाय नोंदणीसाठी कंपनी एकेका रसायनाची चाचणी करून देते. मजुराच्या अंगावर मात्र हंगामभर अनेक रसायने एकामागून एक पडतात. थाळीतली पेशी हातमोज्याशिवाय, रिकाम्या पोटी, उन्हात राबत नाही.

म्हणूनच तपासणी बाटलीपाशी न थांबता माणसापर्यंत आली पाहिजे. सूक्ष्मकेंद्रकाची चाचणी गालाच्या आतल्या पेशींवरही करता येते. लाकडी काडीने गाल आतून हलकेच खरवडायचा, पेशी काचपट्टीवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि मोजायच्या. सुई नको, रक्त नको. तंबाखू आणि मिश्रीनेही हे ठिपके वाढतात, म्हणून न फवारणाऱ्या, पण तशाच सवयींच्या मजुरांशी तुलना करावी लागेल. एकट्यादुकट्याला कर्करोग आहे की नाही, हे यातून कळत नाही. पण फवारणाऱ्या समूहाच्या पेशींवर जास्त मार बसतो आहे का, हे आजार दिसण्याच्या कितीतरी आधी कळू शकते.

हे काही दान मागणे नव्हे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्याची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी सांगितलेली आहे, संरक्षक कपडेही सांगितलेले आहेत. पण रोजंदारीवरच्या माणसाचे नाव कोणत्याच वहीत नसेल, तर तपासायचे कोणाला? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा देशाचे लक्ष गेले. कर्करोग असा एका हंगामात मारत नाही. तो वीस वर्षांनी येतो. तोवर मालक बदललेला असतो, औषधाचे नाव बदललेले असते आणि पुरावा उरलेला नसतो.

राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. सूक्ष्मदर्शक गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयांतही आहेत. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी तीन मागण्या घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जावे: फवारणी करणाऱ्या प्रत्येक मजुराची नोंद, नियमाप्रमाणे तपासणी आणि त्या तपासणीत पेशींची चाचणी. द्राक्षाच्या पेटीला जसा अहवाल असतो, तसा ती पिकवणाऱ्या माणसालाही मिळालाच पाहिजे.