बाटलीतला जमाखर्च

मुलाच्या पोर्टलंडच्या घरी मी बिअर केली, हे बँकेतल्या जुन्या मित्रांना खरं वाटत नाही. केली म्हणजे काय, मुलानं केली. मी हिशेब ठेवला आणि मसाला कुटला. (अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरच्यापुरती बिअर करायला मुभा मिळाली. आपल्याकडे परवान्याशिवाय तो गुन्हा. तेव्हा वाचकांनी नुसतं वाचावं.)

२०१९ चा नोव्हेंबर होता. नाताळासाठी १९ लिटर बिअर आंबत ठेवलेली. आंबणं संपलं की ती निवळते, पण लागते मिळमिळीत. फेसासाठी तिला पुन्हा साखर द्यावी लागते, १९ लिटरला सुमारे ११५ ग्रॅम. साखर पाण्यात उकळून, गार करून मिसळायची आणि बाटल्यांना घट्ट बुचं बसवायची. उरलेलं यीस्ट ती साखर खातं, वायू सोडतं. वायूला बाहेर वाट नसते, म्हणून तो बिअरमध्येच मुरतो.

मुलाला घाई. घनता मोजायची काचेची नळी सोमवारी १.०१८ दाखवत होती, बुधवारी १.०१५. मी म्हटलं, ''व्याज अजून चालू आहे, खातं बंद कसं करतोस?''

''बाबा, तुम्ही रिटायर झालात ना?''

मी कागद पुढे ओढला. घनता हजारावा एक भाग उतरली की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा वायू सुटतो. १.०१२ पर्यंत उतरायची असेल, तर दीडपट वायू बाटलीत जादा. वर आपली साखर आहेच! तेव्हा सूनबाई हळूच बोलली : आदल्या वर्षी रात्री एक बाटली फुटली होती, काच तळघराच्या दारात रुतली होती. त्याच तळघरात आता माझी चार वर्षांची नात सायकल फिरवते.

मुलगा काही बोलला नाही. आठवडाभर थांबलो. ओळीनं तीन दिवस १.०१२ आल्यावरच साखर उकळली. त्याच पाण्यात दालचिनी, सुंठ, संत्र्याची साल आणि लवंगा. लवंगेला माझा हात जरा सैल सुटला, हे कबूल.

एक बाटली मुद्दाम प्लॅस्टिकची भरली. ती कडक झाली की आत वायू भरला असं समजायचं. नात रोज सकाळी ती दाबून बघायची. पंधराव्या दिवशी वर ओरडत आली, ''आजोबा, दगड झाली!''