वेग न मोजणारा खेळ : जुन्या राजदूतवरून ट्रायल्सकडे

अमरावती आणि अकोला यांच्यामध्ये जून 2022 मध्ये एक विक्रम झाला. लोणी ते माना या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग 53 च्या एका लेनवर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. अशा गुळगुळीत रस्त्यावर मोटरसायकल म्हटलं की पोरांच्या डोक्यात आधी वेगच येतो. पण महामार्ग सोडून चार धुरे ओलांडले की कोरडा नाला लागतो, काळ्या दगडाचे गोटे लागतात, मुरमाची सोडून दिलेली खदान लागते. तिथे मोटरसायकलचा एक वेगळाच खेळ खेळता येतो. त्याचं नाव ट्रायल्स. आपल्या भागात तो फारसा कुणाला ठाऊक नाही. तो शिकायला लाखांची गाडी लागत नाही, हे मला आधीच सांगायचं आहे.

खेळ असा. दगड, चढ, ओहोळ, झाडाची मुळं अशा जागेत फिती किंवा खुणा लावून एक अरुंद वाट आखतात. तिला सेक्शन म्हणतात. स्वार आधी ती वाट पायी चालून पाहतो, मग गाडीवर उभा राहून पार करतो. पाय एकदा टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर तीन. गाडी पडली, खुणेबाहेर गेली किंवा पुढे जाऊच शकली नाही तर पाच. एकदाही पाय न टेकता पार केलं तर शून्य. ज्याचे दंडगुण कमी, तो जिंकला. कोण आधी पोचलं याचा हिशेब मुख्य नाही. बहुतेक वेळा गाडी माणसाच्या चालण्याच्या गतीनेच जात असते.

हा खेळ वाढला ब्रिटनमध्ये. स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल 1909 पासून चालत आली आहे. आपल्या ओळखीच्या बुलेटची जडणघडणही याच खेळात झाली: मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि शॉकॲब्सॉर्बर असलेली बुलेट 1948 मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली ती इंग्लंडच्या कोलमोर ट्रायलमध्ये. जॉनी ब्रिटन याने 350 सीसीच्या रॉयल एनफिल्डवर 1952 आणि 1957 मध्ये स्कॉटिश ट्रायल जिंकली. पुढे सॅमी मिलर हा नामांकित स्वार 500 सीसीची जड एरियल सोडून स्पेनच्या बुल्टाको कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोक गाडीकडे वळला आणि 1965 मध्ये तीच स्पर्धा त्या गाडीवर जिंकला. तिथून जड फोर-स्ट्रोकचे दिवस सरले. आजची खरी ट्रायल्स गाडी सत्तर किलोच्या आसपास भरते आणि तिला बसायला सीटच नसते. रॉयल एनफिल्डने 2019 मध्ये भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी आणली होती. जुन्या आठवणीला ती शोभून दिसत होती, पण वजन दोनशे किलोच्या घरात. तिच्यावर हा खेळ शिकू नये.

मग वऱ्हाडात काय घ्यावं? माझं मत राजदूत 175. आरएक्स 100 हलकी आहे, पण हौशी लोकांनी तिचा भाव चढवून ठेवला आहे. राजदूत पोलंडच्या एसएचएल एम-11 या गाडीवर बेतलेली, एस्कॉर्ट्सने बनवलेली, 173 सीसीची साधी टू-स्ट्रोक. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून कच्च्या रस्त्यावर हळूहळू ओढत नेणं हे तिचं आयुष्यभराचं काम. कमी फेऱ्यांवर जोर लावणं तिला जमतं, आणि ट्रायल्सला नेमकं तेच हवं.

गाडी पाहायला गेलात की पत्रा आणि रंग शेवटी पाहा. आधी आरसी बुक, त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीशी जुळतो का ते तपासा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण झालं आहे का, तेही विचारा. मग किक हाताने दाबून पाहा. दाब लागत नसेल तर रिंगा किंवा बोअर गेला आहे. ते ‘हाफ इंजिन’चं काम, म्हणजे सिलिंडर रिबोअर करून एक माप मोठा पिस्टन बसवणं. हे काम अवघड नाही. अकोल्यात डाळमिलची आणि जिनिंगची कामं करणाऱ्या लेथवाल्यांचे हात अशा मापाला सरावलेले आहेत. क्रँकचं काम मात्र जपून करावं लागतं. सिलिंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून पाहा. तिथे खेळ जाणवला तर ‘फुल इंजिन’ उघडावंच लागेल.

टू-स्ट्रोकमध्ये सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे क्रँकची ऑइल सील. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे क्रँककेस हवाबंद असायलाच हवी. मॅग्नेटोच्या बाजूची सील गेली तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूची गेली तर तिकडचं ऑइल ओढलं जातं, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. रस्त्यावर जोरात पळवताना हा दोष लपतो, चालण्याच्या गतीवर लगेच उघडा पडतो. आयडलिंग कधी चढतं, कधी पडतं, आणि दगडावर चाक चढत असतानाच गाडी बंद होते. म्हणून इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही सील बदला. खर्च किरकोळ आहे.

सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टवर वर्षानुवर्षांचा कार्बन बसलेला असतो, तो खरवडून काढा. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर असतो. जेट तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. क्लीनर मारा आणि हवेने फुंका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे नळ्या आणि वायसर नवीन टाका आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करा. राजदूतमध्ये टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. अंदाजाने ओतू नका, मापाने घाला. कमी पडलं तर पिस्टन जातो, जास्त झालं तर हळू चालवताना प्लग काळा पडून बसतो.

चासीकडे वळलात की पुढचं चाक उचलून हाताने हलवून पाहा. राजदूतचा पुढचा फोर्क आजच्यासारखा टेलिस्कोपिक नाही, तो बुशवर फिरणाऱ्या दांड्यांचा आहे. बुश झिजले की गोट्यावर चाक कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. बुश, हँडलचा कोन सेट, मागच्या स्विंगआर्मचे बुश, ढिले आरे, ब्रेक लायनर हे सगळं नीट झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. रंगाचं काम वर्षभर राहिलं तरी चालेल.

आता गाडीला हळू चालायला शिकवायचं. पुढचं स्प्रॉकेट लहान आणि मागचं मोठं केलं की गाडी सावकाश आणि जोरकस होते. समजा पुढे 15 आणि मागे 45 दाते असतील तर गुणोत्तर 3, पुढे 12 आणि मागे 54 केले तर 4.5. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत चाक दीडपट हळू फिरेल. पावदानं थोडी मागे आणि खाली घ्या. उभं राहिल्यावर वजन दोन्ही चाकांवर सारखं आलं पाहिजे, तेवढ्यासाठी बोल्टने बसणाऱ्या पट्ट्या करून घेतल्या तरी पुरतं. इंजिनखाली जाड पत्रा लावा. क्लचची केबल नवी, तेल दिलेली हवी, कारण या खेळात डाव्या हाताचं एक बोट सतत क्लचवर असतं. टायरमधली हवा कमी करतात. खऱ्या ट्रायल्स टायरला पाच-सहा पीएसआय पुरते, आपल्या ट्यूबच्या टायरला दहा-बाराच्या खाली जाऊ नका, नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह उपटला जातो.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आरसीत नोंदलेल्या रचनेत बदल करून गाडी रस्त्यावर चालवायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. असे बदल केलेली गाडी छोटा हत्तीत टाकून वावरात न्यावी. जागाही विचारूनच घ्यावी. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे, चिखलदऱ्याच्या उतारावर किंवा पोहरा-मालखेडच्या राखीव जंगलात गाडी घालायची नाही. आपल्याकडे जिरायती वावरं, पडीक खदानी आणि नाले इतके आहेत की जंगलाला हात लावायची गरजच नाही.

हंगामही बघावा लागतो. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक अडवते, तेव्हा मुरमाड जागा शोधा. हिवाळा सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये पारा 45 कडे जातो आणि हळू चालणाऱ्या गाडीला वाऱ्याची थंडाई मिळत नाही. हवेवर थंड होणारं इंजिन अशा वेळी सकाळी लवकरच चालवावं, आणि मधेमधे बंद करून निवू द्यावं.

चालवण्याची सुरुवात सपाट जागेवरच करा. पावदानांवर उभे राहा, गुडघे सैल, नजर चाकावर नाही तर चार हात पुढे. वळताना गाडी आत झुकवायची, अंग बाहेर ठेवायचं आणि वजन बाहेरच्या पावदानावर द्यायचं. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट दाबून गाडी जवळजवळ उभी ठेवता आली की मगच गोट्याला हात घाला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून मल्लखांब शिकवत आलं आहे. ज्या पोरांनी तिथे तोल कमावला आहे त्यांना हा खेळ इतरांपेक्षा लवकर जमेल, याची मला खात्री वाटते.

स्पर्धेची वाट पाहत बसू नका. चार जण जमा, चुन्याने एक वाट आखा, एकाने काठावर उभं राहून पाय मोजावेत आणि बाकीच्यांनी आळीपाळीने चालवावं. परीक्षक बदलत राहा. हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि गुडघ्याचे पॅड सगळ्यांना सक्तीचे करा. एकट्याने नाल्यात उतरू नका. मूर्तिजापूर, दर्यापूर, बडनेरा, अकोट, प्रत्येक गावात कुणाच्या तरी गोठ्यात एखादी राजदूत धूळ खात उभी असेल. तिच्या मालकाशी आजच बोला.