नजीकच्या शाळेचं अंतर

प्रपत्रातले बाकीचे रकाने केंद्रप्रमुखांनी शाळेच्या ओट्यावर बसल्याबसल्याच भरले. यू-डायस क्रमांक, इयत्तावार पट, मंजूर पदं, कार्यरत पदं, वर्गखोल्या, शौचालय, वीज. सगळं मॅडमच्या रजिस्टरात होतंच. ‘नजीकच्या शाळेचे अंतर (कि.मी.)’ या रकान्यापाशी मात्र पेन थांबला. मोबाइलच्या नकाशावर दोन्ही शाळांवर बोट ठेवलं की सरळ रेषेत नऊशे मीटर दिसतात. मधल्या पांदणीनं गेलं तर दीड किलोमीटर पडतं. पांदणीतला नाला भरला की डांबरी रस्त्यानं वळसा घ्यायचा, तो पावणेतीन किलोमीटरचा. प्रपत्रात जागा एकाच आकड्याची.

कमी पटाच्या शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिळवण्याचं काम नेमकं कसं चालतं, हे पाहायला मी नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कुही-भिवापूरच्या पट्ट्यात गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. प्रस्ताव कागदावर आहे आणि तिथल्या नऊ मुलांना कुणी शोधत यावं असं मला वाटत नाही. शाळा पहिली ते चौथी. पहिलीत दोन, दुसरीत तीन, तिसरीत एकटी एक मुलगी, चौथीत तीन. खोल्या दोन: एक कौलारू, एक स्लॅबची. कौलारू खोलीत पोषण आहाराचा तांदूळ आणि जुनी कपाटं, स्लॅबच्या खोलीत चारही वर्ग. खिडकीत तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी अजून तसाच ठेवलेला, गळ्यात वाळलेल्या झेंडूची माळ. शिक्षकांची मंजूर पदं दोन, पण दुसऱ्या सरांना दुसरीकडे कामगिरीवर पाठवलेलं. मॅडम एकट्याच.

अंतराच्या या आकड्याला फार वजन आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालच्या महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, असं ठरलं. म्हणजे रकान्यात ०.९ लिहिलं की सरकारचं कर्तव्य पूर्ण झालं. दीड लिहिलं, तर मुलांच्या वाहतुकीची सोय करणं भाग. ०.९ आणि १.५ यांच्या मधे एक नाला आहे आणि तो नकाशाच्या सरळ रेषेत मोजला जात नाही. हा एक किलोमीटर किती नाजूक आहे हे राज्यानं आणखी एका प्रकरणात पाहिलंय. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेनं सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना गरीब मुलांच्या २५ टक्के जागांतून सूट देऊन टाकली होती. मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत ती रद्द केली.

केंद्रप्रमुख सज्जन माणूस. स्वतःचं केंद्र, शिवाय शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार. मी म्हटलं, “सर, शाळा सुटली की पोरांसोबत चालून पाहू या का?” त्यांनी घड्याळ पाहिलं, पँट दुमडली आणि आले. चौथीतली एक मुलगी, तिचा पहिलीतला भाऊ आणि दुसरीतला एक पोट्टा, असे तिघं आमच्या पुढं. ती रोज या वाटेनं जात नाहीत, शाळा मिळवली तर जातील.

सप्टेंबरातली काळी माती. वरून वाळल्यासारखी दिसते, पण पाय ठेवला की तळाला चिकटते आणि चप्पल जड होत जाते. पन्नास पावलांत पहिलीतल्यानं चपला काढून हातात घेतल्या. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे तुरीची तासं. तूर अजून फुलावर यायची होती, तरी या मुलांच्या डोक्याच्या वर गेलेली. मागून चालणाऱ्या मला पुढची दोघं कधी दिसायची, कधी नुसता आवाज. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये झालं, तेव्हापासून या भागात वाघाची बातमी ही रोजची गोष्ट आहे. वाघ या पांदणीत येतो असं मी म्हणत नाही. पण रानडुकरं येतात हे केंद्रप्रमुखांनीच मला चिखलातल्या खुणा दाखवून सांगितलं.

मुलगी नाल्यापाशी थांबली. पाणी घोट्याइतकंच होतं. रपट्याचा एक कोपरा खचलेला, लोखंडी सळया बाहेर आलेल्या. तिनं भावाचं दप्तर आपल्या पोटाशी घेतलं, स्वतःचं पाठीवर, मग त्याचा हात धरला आणि खचलेल्या कोपऱ्याच्या उलट्या बाजूनं त्याला नेलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर आईनं, आजीच्या वावरात जाताना. मी विचारलं, “पूर आला तर गं?” ती म्हणाली, “मंग कोणीच नाही जात जी. इकडचे इकडं, तिकडचे तिकडं.”

मोठ्या माणसाला पांदणीनं वीस मिनिटं पुरतात. या तिघांसोबत आम्हाला पाऊण तासाच्या वर लागला, आणि तेही परत न फिरता, पाऊस नसताना. पहिलीतला मुलगा खेकडा पाहायला थांबतो, दप्तराचा पट्टा सुटतो, त्याला लघवीला जायचं असतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे पहिलीतल्या मुलाचं शाळेतलं पहिलं पाऊलच पावसात पडतं, आणि शाळेची सवय लागण्याचे महिने हेच नाल्याचे महिने असतात.

पट कमी का झाला, याची उत्तरं गावात प्रत्येकाकडे आहेत आणि बरीचशी खरी आहेत. घराघरात मुलंच कमी जन्माला येतात, हे पहिलं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि पुढच्या वर्षांत या पट्ट्यातली गावंच्या गावं नव्या गावठाणांत हलली. मागं राहिलेल्या वस्त्या विरळ झाल्या. ज्यांच्या घरी नियमित पगार येतो त्यांची मुलं व्हॅनमधून कॉन्व्हेंटला जातात. इकडं इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. पण एक कारण कुणी प्रपत्रात लिहीत नाही. दुसरे सर कामगिरीवर गेले त्या वर्षी पट सतरा होता. एकच मॅडम चार वर्ग सांभाळतात, त्यातही ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम, केंद्राच्या बैठका. पालक हे पाहतात. पुढच्या जूनमध्ये चार दाखले निघाले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत, हे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आत्ता आला. ती बंद पडायला सुरुवात झाली ती त्या कामगिरीच्या आदेशानं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राज्यभरचं चित्र याहून वेगळं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं. २०२२ मध्ये वीसच्या आतल्या शाळांची माहिती मागवली गेली. त्या १४,७८३ निघाल्या, आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती. शाळेमागं सरासरी बारा-तेरा मुलं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी कमी पटाच्या शाळा एकत्र करून उभ्या राहणाऱ्या समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ पुढं ठेवलं होतं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानं शिक्षकांची पदं पटाशी आणखी घट्ट बांधली गेली. कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचं घाटलं, तेव्हा त्याच वर्षी २५ सप्टेंबरला राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर आले.

समूह शाळेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. तिसरीतली ती एकटी मुलगी मी दिवसभर पाहिली. तिला पाढा म्हणून दाखवायला सोबती नाही, चुकली तर हसणारं नाही, आणि नऊ जणांत खो-खोचे दोन संघसुद्धा होत नाहीत. मॅडम फळ्याचे चार भाग करतात. चौथीला भागाकार देऊन पहिलीकडे वळतात, तोवर दुसरीचं लिहून झालेलं असतं आणि ती मुलं खिडकीतल्या नंदीशी खेळतात. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक मिळतो, वाचनालय मिळतं, सोबती मिळतात. दारात गाडी येत असेल, गाडीत जबाबदार माणूस असेल, तर यातल्या काही शाळा मिळवायला हरकत नाही. माझं भांडण अंतर मोजण्याच्या पद्धतीशी आहे.

कारण अंतराची किंमत घरात पडते, आणि ती कुठल्याच रकान्यात येत नाही. चौथीतल्या मुलीची आई दारात कपाशीची ओटी झटकत बोलली. “पोट्टी रस्त्यानं पोहोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहीन का जी? आन मी पोचवून द्याले गेली त माझी रोजी पडते.” शाळेत सोडायला आणि आणायला जायचं म्हणजे वेचणीच्या दिवसांत अर्धी मजुरी बुडाली. मग मोठी बहीण सोबत जाते. मोठी बहीण पाचवीला दुसऱ्या गावी जायची असते, तिचं थांबतं. एसटीचा मुलींसाठीचा मोफत पास पाचवीपासून पुढं आहे, आणि खालच्या वर्गांना असता तरी या पांदणीत एसटी येत नाही. वाहतुकीसाठी समग्र शिक्षा योजनेतून मुलामागं वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्या पैशांत नऊ मुलांसाठी रोज दोन वेळा गाडी पाठवायला गावातला एकही ऑटोवाला तयार नव्हता.

शिकागो शहरानं २०१३ मध्ये एका दमात सुमारे पन्नास शाळा बंद केल्या, तेव्हा मुलांच्या नव्या वाटांवर सकाळ-दुपार माणसं उभी केली होती. तिथं भीती टोळ्यांची होती, इथं नाल्याची आणि रस्त्यावरच्या रेतीच्या टिप्परची. शाळा हलवली की वाटेची जबाबदारीही आपल्यावर येते, एवढं तरी तिथं मानलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम कौलारू खोलीतलं कपाट उघडून बसल्या. प्रस्ताव मंजूर झाला तर चार्ज द्यायचा, त्याची यादी आधीच करून ठेवायची होती. सतरंज्या, वजनकाटा, तिरंगा, दोन टेबलं, खराब टीव्ही. सगळ्यात खालच्या कप्प्यात दाखल-खारीज रजिस्टरं. सगळ्यात जुनं कापडी पाठीचं, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, पहिल्या पानावर जनपद सभेचा शिक्का. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या. त्याआधी मध्य प्रांतातल्या १९४८ च्या कायद्यानं झालेल्या जनपद सभा इथल्या शाळा चालवत. निळ्या-काळ्या शाईत टाकानं लिहिलेली नावं, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आणि शेवटी शेरा. बहुतेक शेऱ्यांत शेतीकाम. मुलींच्या शेऱ्यांत बहुतेक ठिकाणी लग्न.

तेवढ्यात धोतरातले एक आजोबा दारात येऊन उभे राहिले. त्यांना शाळेच्या पटाशी देणंघेणं नव्हतं, रजिस्टराशी होतं. “मॅडम, हे बुक कुठं नेता? नातवाची व्हॅलिडिटी बाकी हाये.” जात पडताळणीत अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्या घरी सातबारा नाही, खरेदीखत नाही. आज्याचं नाव सरकारी कागदावर जातीसह लिहिलेलं सापडेल असं एकच ठिकाण म्हणजे शाळेचं हे रजिस्टर. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर हीच बुकं उघडली गेली. मॅडम म्हणाल्या, “आजोबा, ज्या शाळेत मुलं जातील तिथं जाईल.” आजोबांनी विचारलं, “तिथं कोन्ही सांभाळीन का जी?” मॅडमनी उत्तर दिलं नाही. आजोबांच्या नावाचं पान काढून उतारा लिहायला घेतला.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा संध्याकाळी, मारुतीच्या पारावर झाली. अध्यक्ष एक तरुण आई. कुणीतरी मोबाइलवर नाशिक जिल्ह्यातल्या दरेवाडीची बातमी दाखवली. इगतपुरी तालुक्यातल्या त्या धरणग्रस्त वस्तीची शाळा २०२२ मध्ये बंद केली, तेव्हा मुलं बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर चालत गेली होती. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची घोषणा. पारावर कुणी मोर्चाची भाषा केली नाही. त्यांनी ठराव लिहायला घेतला, आणि मला तो फार शहाणा वाटला.

समायोजनाला आमचा सरसकट विरोध नाही, असं पहिलंच वाक्य. अंतर पांदणीनं आणि पावसाळ्यात रस्त्यानं असं दोन्ही लिहावं. कामगिरीवरचे शिक्षक आधी परत द्यावेत आणि एक वर्ष पट पाहावा. जुन्या रजिस्टरांच्या स्कॅन केलेल्या प्रती ग्रामपंचायतीत ठेवाव्यात. शेवटच्या कलमावर बराच वेळ गेला, कारण अध्यक्षबाई एका शब्दालाही मागं हटेनात. त्यांचं म्हणणं असं, की टीसी एकदा काढल्या की पट शून्य होतो, आणि शून्य पटाची शाळा परत उघडायला पुन्हा मंत्रालयापर्यंत जावं लागेल. म्हणून कलम असं लिहिलं गेलं: गाडी आधी सुरू करावी, ती जुलै ते सप्टेंबर एक पूर्ण पावसाळा दोन्ही वेळा नियमित चालावी, तोवर मुलांची नावं आमच्याच शाळेच्या पटावर राहावीत, आणि त्यानंतरच टीसी द्याव्यात.