जुनी दुनळी, नवे काडतूस

कळंबच्या आसपास, राजोडीपासून अर्नाळ्यापर्यंतच्या वाड्यांमध्ये, एखाद्या जुन्या घरात अजूनही विलायती दुनळी सापडते. आजोबांच्या नावावरचा परवाना नातवाच्या नावावर झालेला असतो. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर पुन्हा कपाटात जाते. अशा घरांतून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : आज दुकानात मिळणारे काडतूस हिच्यात चालेल का? बंदूक बारा बोअरची, काडतूसही बारा बोअरचेच आणि नळीत ते सहज बसते. मग अडचण कसली?

'बारा' हा आकडा मुळात काय सांगतो ते आधी पाहू. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याचा व्यास तो नळीचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. नळी किती दाब सोसेल आणि काडतूस बसते ते घर किती लांब आहे, याबद्दल हा आकडा काहीही बोलत नाही. धोका नेमका या दोन ठिकाणी असतो.

आधी लांबी. जुन्या इंग्रजी दुनळ्यांतले घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आज सर्रास मिळणारे काडतूस ७० मिलिमीटरचे. पण ही लांबी बार उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची असते. न उडालेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्यामुळे ते आखूड दिसते आणि जुन्या घरात बिनबोभाट बसते. चाप ओढल्यावर तोंड उलगडते, घराच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरते आणि छर्‍यांची वाट अरुंद करते. दाब वाढतो तो इथे.

दुसरी गोष्ट दारूची. यांतल्या बर्‍याच बंदुका सोरा, गंधक आणि कोळशाच्या काळ्या दारूसाठी घडल्या. काहींच्या नळ्या दमास्कस पद्धतीच्या आहेत : लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळायच्या, गजाभोवती गुंडाळायच्या आणि तापवून ठोकून एकजीव करायच्या. नळीवर सुंदर नक्षी उमटते, पण प्रत्येक सांधा गंजाला आतून वाट देऊ शकतो. आमच्या खार्‍या वार्‍यात हे विसरून चालत नाही.

१८६०च्या दशकात शुल्ट्झ या प्रशियन अधिकार्‍याने लाकडापासून नव्या प्रकारची दारू बनवली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय यांनी बंदुकीसाठी धूरविरहित दारू तयार केली. बंदुकीच्या सुरुवातीच्या अशा काही दारू मुद्दाम फुगीर ठेवलेल्या होत्या. काळ्या दारूचे माप भरून घातले तरी काम भागावे, हा हेतू. पुढे घट्ट दारू आली. ती थोड्या जागेत कितीतरी अधिक जोर साठवते. जुने माप तिने काठोकाठ भरले, तर नळी फुटते. काही काडतुसांच्या खोक्यांवर आजही 'इतके ड्रॅम' असे छापतात. आतल्या दारूचे वजन तेवढे नसते. तेवढ्या काळ्या दारूइतका वेग मिळतो, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्वी शिकारी घरीच काडतुसे पुन्हा भरत. उडालेली टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, दारू, त्यावर नमद्याची चकती, मग छर्रे, शेवटी झाकण. पावसाळ्यात कागदी काडतूस फुगून घरात अडकते; पितळी अडकत नाही आणि वारंवार भरताही येते. जुन्या बंदुकीसाठी हलका बार भरण्याचे तत्त्व असे : छर्रे कमी वजनाचे घ्यायचे, म्हणजे त्यांना ढकलायला कमी दाब पुरतो. पण नुसती 'हळू जळणारी' दारू वापरली की झाले, असेही नाही. तिच्या दाबाचा कळस बुटका असतो, मात्र तो दाब नळीत पुढेपर्यंत रेंगाळतो, आणि पुढे नळीची भिंत पातळ असते. म्हणून ज्या देशांत हे काम कायदेशीर आहे, तिथे प्रयोगशाळेत तपासलेले प्रमाण ग्रॅमच्या अंशापर्यंत पाळतात. अंदाज चालत नाही.

आकडे वाचतानाही सावध राहावे. जुन्या इंग्रजी नळीवर 'तीन टन' असा दर चौरस इंचाचा दाब कोरलेला आढळतो. तो धातूचा छोटा तुकडा किती चेपला यावरून मोजलेला आहे; आज दाब स्फटिकाच्या विद्युतसंवेदकाने मोजतात. एका पद्धतीचा आकडा गुणाकार करून दुसरीत बसवला, की उत्तर चुकते. 'एन. पी.' ही खूण धूरविरहित दारूची चाचणी झाल्याचे सांगते, पण ती चाचणीच्या दिवशीच्या नळीबद्दल. नंतर कोणी नळी आतून घासली असेल, तर त्या खुणेचा भरवसा उरत नाही.

आपल्याकडे घरी काडतूस भरण्याचा प्रश्न कायद्यानेच निकालात काढला आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि दारूगोळ्याचे भाग व ते बनवण्याची यंत्रे यांचीही गणना दारूगोळ्यातच होते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने शिकारही संपली. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि तिथली बारा बोअरची काडतुसे बाजारात येतात. पण प्रत्येक वारसा बंदुकीच्या वयाला बेतलेला बार कोणताही कारखाना भरून देत नाही.

म्हणून प्रश्न विचारणार्‍यांना मी सांगतो : खुणा वाचा, घराची लांबी आणि नळीच्या भिंतीची जाडी परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या, आणि तोवर बार काढू नका. दुनळी ही नेहमीच बंदूक आणि काडतूस यांची जोडी होती. त्यातले अर्धे, तिच्या काळचे काडतूस आणि ते भरणारा जाणता हात, आता आपल्याजवळ नाही. उरलेले अर्धे जपायचे असेल, तर तेल लावून, कागदपत्रे नीट ठेवून, रिकामेच जपावे. सणाला हौस म्हणून काढलेला एक बार त्या धातूची आणि धरणार्‍या बोटांचीही परीक्षा घेतो. आणि अशी परीक्षा दुसर्‍यांदा देता येतेच असे नाही.