नवी मोटार किती जोराने हाकावी?

१९५० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या रस्त्यांवर काही मोटारींच्या मागील काचेवर एक लहानशी पाटी डकवलेली दिसे. ‘एंजिन नवे आहे, कृपया पुढे जावे’ अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असे. पाटी लावणारा गृहस्थ आपली नवीकोरी गाडी ताशी ३०-४० मैलांच्या वेगाने, अत्यंत जपून हाकीत असे आणि मागून येणाऱ्यांच्या भोंग्यांकडे काणाडोळा करीत असे. पहिले ५०० मैल, आणि काही गाड्यांच्या बाबतीत त्याहूनही अधिक अंतर, हे व्रत पाळावयाचे असे. प्रारंभीच एंजिनावर ताण दिला तर ते कायमचे दुखावेल, अशी सर्वांची समजूत होती. आणि त्या काळच्या एंजिनांपुरती ती बरीचशी खरीही होती.

याच्या नेमके उलट सांगणारेही पुष्कळ भेटतात. त्यांच्या मते नव्या एंजिनाचे लाड करणे हाच अपराध होय. पहिल्या दिवसापासून ते जोरात पळविले नाही तर त्याची पुरी शक्ती कधीच हाती लागत नाही. दोन्ही पक्षांत अनुभवी मेस्त्री आहेत आणि दोघेही आपापल्या अनुभवाचे दाखले देतात. आयुष्याची शिल्लक मोडून गाडी घेणारा मनुष्य मात्र या दोन उपदेशांच्या कात्रीत सापडतो. कोणाचे खरे, हे ठरवावयाचे तर एंजिन उघडून एका लहानशा कडीकडे पाहावयास हवे.

एंजिनातील सिलिंडर म्हणजे धातूची नळी. तिच्यात दट्ट्या वरखाली धावतो. दट्ट्याच्या डोक्यावर इंधन जळते आणि तप्त वायूचा दाब त्याला खाली रेटतो. दट्ट्या नळीत मोकळेपणाने हलला पाहिजे, म्हणून त्याच्या भोवती किंचित फट ठेवणे भाग असते. पण फट ठेवली की वायू तिच्यातून निसटणार. वाफेच्या जुन्या यंत्रांत ही फट तागाच्या दोरांनी बुजवीत असत. जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे-अभियंत्याने १८५४ साली यंत्रअभियंत्यांच्या संस्थेपुढे यावरील उपाय मांडला. तो म्हणजे एका ठिकाणी कापलेली, स्प्रिंगप्रमाणे बाहेरच्या बाजूस फाकू पाहणारी धातूची कडी. दट्ट्याच्या खाचेत बसविलेली ही कडी नळीच्या भिंतीला स्वतःहून टेकून राहते. आजच्या मोटारीतही तीच कल्पना आहे. फक्त कडी आता एक-दोन मिलिमीटर जाडीची झाली आहे आणि एका दट्ट्यावर बहुधा तीन कड्या असतात.

आता नळीच्या भिंतीकडे वळू. हाताला ती गुळगुळीत लागते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या आडव्यातिडव्या रेघांचे जाळे दिसते. हे कारागिराच्या हयगयीचे चिन्ह नव्हे. घासणीच्या दगडांनी त्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. रेघांच्या खोलगट भागात वंगणाचे तेल साठून राहावे आणि त्यांच्या उंचवट्यांनी कडीला, व कडीने त्यांना, झिजवून एकमेकांच्या आकाराचे करून घ्यावे, अशी ही योजना असते. केंब्रिजच्या बौडेन व टेबर या शास्त्रज्ञांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले दिसले तरी प्रत्यक्षात ते केवळ मोजक्या शिखरांवर टेकलेले असतात. खरा स्पर्श एकूण क्षेत्राच्या अगदी अल्पशा भागातच होतो. नव्या एंजिनात ही शिखरे टोकदार असतात. ती बोथट होईपर्यंतच्या काळाला आपण ‘एंजिन रुळणे’ म्हणतो. मेस्त्रीमंडळी ‘रिंगा बसल्या’ असे म्हणतात, आणि ते शब्दशः खरे आहे.

पण कडी भिंतीला दाबून धरतो कोण? तिची स्वतःची स्प्रिंग त्या मानाने फार दुबळी असते. खरा रेटा असतो तो जळत्या वायूचा. सिलिंडरमधील वायू खाचेत शिरतो, कडीच्या पाठीमागे जातो आणि तिला बाहेर ढकलतो. प्रवेगक पुरता दाबला असता पेट्रोल-एंजिनातील दाब क्षणभर वातावरणाच्या पन्नासपटींच्या घरात जातो. मोटार रिकाम्या रस्त्यावर हळूहळू सरकत असताना तो त्याच्या अंशमात्र असतो. म्हणजे ज्या शक्तीने कडी बसावयाची, तीच शक्ती अतिजपणूक करणारा चालक तिला नाकारीत असतो! जोरात हाकावे म्हणणाऱ्यांच्या मतात तथ्य आहे ते एवढेच. परंतु ते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

दुसऱ्या पक्षाची बाजू समजण्यासाठी वंगणाचा स्वभाव पाहिला पाहिजे. १८८३ मध्ये इंग्लंडात बोशँप टॉवर हे रेल्वेच्या आसांच्या धारव्यांवर प्रयोग करीत होते. धारवा म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारे बूड. त्याच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी त्यांनी एक भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्यांनी बूच बसविले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर ढकलली गेली. फिरता दांडा आपल्याबरोबर तेल ओढून नेतो व त्या तेलाची पाचर होऊन तिच्यात प्रचंड दाब उत्पन्न होतो, हा त्याचा अर्थ होता. ऑझबर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली त्याचे गणित मांडले. यंत्र वेगात असताना दांडा व धारवा एकमेकांना टेकतच नाहीत; ते तेलावर तरंगतात. म्हणून मोटारीचा भुजादंड एकदा फिरू लागला की रुळण्याचा प्रश्न तेथे फारसा उरत नाही.

कडीचे तसे नाही. दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा, अगदी वर आणि अगदी खाली, क्षणभर थांबतो. गती शून्य झाली की तेलाची पाचर मोडते. आणि नेमके वरच्या टोकाशी, जेथे ज्वलनाचा दाब सर्वांत जास्त, तेथे कडीची शिखरे भिंतीच्या शिखरांना भिडतात. रुळणे होते ते मुख्यतः येथे, आणि बिघाड होतो तोही येथेच. शिखरे हळूहळू बोथट झाली तर उत्तम. पण नव्या, टोकदार शिखरांवर एकाएकी मोठा भार व मोठा वेग दीर्घकाळ लादला, तर त्या बिंदूंवर एवढी उष्णता निर्माण होते की धातू धातूला चिकटून फाटतो. मग भिंतीवर उभे ओरखडे उमटतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

त्यात थंड एंजिनाची भर पडते. दट्ट्या ॲल्युमिनियमचा, नळी बहुधा बिडाची. आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ८० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या १०० अंश सेल्सियसने तापला तर सुमारे ०·१८ मिलिमीटरने फुगतो. नळी तितकीच तापली तर ०·०९ मिलिमीटरने. दोहोंमधील मूळची फटच मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते! दट्ट्याचे तळाकडील अंग किंचित लंबगोल व निमुळते घडवून अभियंत्यांनी यावर मात केली आहे. तरीही एंजिन नवे असो वा जुने, थंड असताना त्यावर जोर करणे हा शुद्ध अविचार होय.

कमी भारावर फार जपून चालविलेल्या एंजिनाचे काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मोटारींपेक्षा लहान विमानांच्या जगात मिळते. तेथे तेल जाळणारे एंजिन ही केवळ खर्चाची बाब नसते. अमेरिकेतील लायकमिंग ही विमान-एंजिने बनविणारी संस्था आपल्या सूचनापत्रात सांगते की, नव्या कड्या बसविलेले एंजिन पहिला तास ७५ टक्के शक्तीवर चालवावे, दुसऱ्या तासात ६५ व ७५ टक्क्यांच्या दरम्यान आलटूनपालटून. आणि पुढेही तेलाचा खप स्थिर होईपर्यंत किंवा ५० तास पुरे होईपर्यंत शक्ती याच मर्यादेत ठेवावी. या काळात पुष्कळशा एंजिनांत साधे खनिज तेलच वापरण्यास सांगतात. कारण वंगण फार गुणी असले तर झीज होतच नाही, आणि येथे तर थोडी झीजच हवी असते. शक्ती फार कमी ठेवली तर कड्या भिंतीवरील तेलाचा पडदा भेदू शकत नाहीत. ते तेल उष्णतेने भाजून भिंतीवर वार्निशासारखा चकचकीत थर चढतो आणि रेघा बुजतात. त्यानंतर कड्या बसण्याची आशा सोडावी लागते. सिलिंडर काढून पुन्हा घासण्यावाचून इलाज राहत नाही.

विमानाचा हा नियम मोटारीला जसाच्या तसा लावणे मात्र योग्य नव्हे. विमानाचे एंजिन तासन् तास एकाच शक्तीवर चालते, हवेने थंड होते आणि त्याचे फेरेही कमी असतात. घ्यावयाचे ते तत्त्व : भार हवा, पण तो पुरता नको, आणि तो सारखा बदलता हवा.

पाटीवाल्या गृहस्थाकडे परत येऊ. त्याच्या काळी सिलिंडरांची घासणी आजच्याइतकी सूक्ष्म नव्हती, तेलेही साधी होती आणि तेलातून धातूचा कीस गाळून काढण्याची सोय प्रत्येक गाडीत नसे. आज नळीच्या रेघांची टोके कारखान्यातच छाटून सपाट करतात, म्हणजे रुळण्याचे निम्मे काम गाडी विकण्यापूर्वीच उरकते. तथापि ते संपूर्ण उरकत नाही. मोटारीच्या धुराची तपासणी करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या ८३ व्या नियमावलीत, गाडी तपासणीपूर्वी किमान ३,००० किलोमीटर चाललेली असावी, अशी अट आहे. अगदी कोऱ्या गाडीवरून तिचा खरा स्वभाव कळत नाही, हे त्या नियमकर्त्यांनीही मान्य केले आहे.

निर्माते स्वतः काय सांगतात? जपानच्या टोयोटा मोटारींच्या अनेक माहितीपुस्तिकांत पहिल्या १,००० किलोमीटरपर्यंत अतिवेग व एकाएकी वेगवाढ टाळण्यास सांगितले आहे. पण त्याचबरोबर फार वेळ एकाच वेगाने जाऊ नये, असेही बजावले आहे. हे दुसरे वाक्य बहुतेक मालक वाचीत नाहीत. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूच्या पेट्रोल-गाड्यांसाठी पहिल्या २,००० किलोमीटरपर्यंत मिनिटास ४,५०० फेऱ्यांची मर्यादा सांगितलेली आढळते. दोन्ही सूचना ‘हळू चालवा’ असे सांगत नाहीत. त्या टोके टाळावयास सांगतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की, गाडी घेऊन लागलीच दूरच्या महामार्गावर ताशी ८० किलोमीटरचा काटा धरून बसण्यापेक्षा चढउतारांचा साधा रस्ता बरा. एंजिन तापले की योग्य गिअरमध्ये मध्यम जोर देऊन वेग वाढवावा, मग प्रवेगक सोडून गाडीला आपोआप मंदावू द्यावे, आणि पुन्हा तसेच करावे. जोर देताना कडी भिंतीवर दाबली जाते. सोडताना सिलिंडरमध्ये निर्वात निर्माण होऊन थोडे तेल वर खेचले जाते व घासलेला भाग थंड होतो. वरच्या गिअरमध्ये एंजिन धापा टाकीत ओढावयास लावणे हे फेरे अफाट वाढविण्याइतकेच वाईट. सकाळी दारात गाडी अर्धा तास नुसती सुरू ठेवण्याची जी रीत कित्येक घरांत दिसते, ती तर नव्या एंजिनाला सर्वांत अपायकारक : भार नाही, उष्णता अपुरी आणि तेलात न जळलेले पेट्रोल मिसळणार.

एंजिनाखेरीज टायर व ब्रेकही नवे असतात. नव्या टायरची पकड पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत पुरती आलेली नसते आणि ब्रेकच्या गाद्यांनाही बसावयास तितकाच अवधी लागतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीला दट्ट्या नाही, कडी नाही. हे दोन मात्र तिलाही चुकत नाहीत.

कड्या बसल्या की नाही, हे पाहावयास एंजिन उघडावे लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी तेलाची पट्टी काढून पाहावी आणि पातळी तारीख व किलोमीटरसह वहीत लिहून ठेवावी. पहिल्या काही शे किलोमीटरांत ती थोडी उतरली तर घाबरण्याचे कारण नाही; पुढे हा उतार थांबावा. दोन-तीन हजार किलोमीटरांनंतरही तो चालूच राहिला, किंवा प्रवेगक दाबताच मागे निळसर धूर दिसू लागला, तर वही घेऊन, हमीची मुदत संपण्यापूर्वी, विक्रेत्याकडे जावे.